‘सगळं छान आहे’ असं आई म्हणाली आणि तेच कागदावर गेलं

सांजवात

आठवड्यातले तीन दिवस आईला न्यायला ज्येष्ठांच्या डे-केअरची गाडी येते. त्या तीन दिवसांवर माझी नोकरी उभी आहे, त्यामुळे त्या केंद्राबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही जे घडलं ते इथे सांगावंसं वाटलं.

मागच्या महिन्यात केंद्राने पाहणी केली. एक मुलगी फॉर्म घेऊन सगळ्यांजवळ बसली. प्रश्न होता, ‘सेवा कशी वाटते?’ आणि पर्याय होते उत्तम, बरी, वाईट. आई म्हणाली, ‘सगळं छान आहे.’ उत्तमवर खूण झाली आणि मुलगी पुढच्या खुर्चीकडे गेली.

त्याच रात्री गुडघ्याला मलम लावताना आई म्हणाली, ‘गाडीची पहिली पायरी फार उंच आहे गं. आणि धरायचा दांडा डावीकडे. माझा डावा हातच तर गेलाय.’ अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या डाव्या हातात जोर नाही. गेली दोन वर्षं ती उजव्या हाताने सीटची कड पकडून स्वतःला वर ओढते आहे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी तर तिला दारातूनच निरोप देते.

‘त्या मुलीला का नाही सांगितलंस?’ म्हटलं, तर म्हणाली, ‘मला गाडीत चढवणारा मुलगा शेजारीच उभा होता. त्याला वाटलं असतं, मी त्याची तक्रार करतेय. आणि गाडीच बंद केली तर?’

आता केंद्र नवी गाडी घेणार आहे, वेळा बदलणार आहे आणि घरी येऊन मदत करण्याची सेवाही सुरू करणार आहे. त्यासाठी एक समिती होते आहे आणि तिच्यात ‘लाभार्थी प्रतिनिधी’ म्हणून मला बोलावलंय. बैठक बुधवारी सकाळी अकराला. बुधवारी आई घरी असते, म्हणजे मी तिला एकटं सोडून गेले तरच तिच्याबद्दल बोलू शकते!

मला मान डोलवायला जायचं नाही. तुमच्यापैकी कुणी अशा समितीत बसलंय का? काय मागावं, कशावर अडून बसावं?

---

निवांत

आयुष्यभर समाजकार्यात नोकरी केली आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेरी अर्नस्टाईन या अमेरिकन बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची एक शिडी मांडली. तिला आठ पायऱ्या आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नावालाच असतो, लोकांना गोंजारून आपल्या बाजूला वळवून घेतलेलं असतं. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समितीत एखादी खुर्ची देणं. या तिन्हींना त्यांनी देखावाच म्हटलं आहे, कारण बोलायला मिळालं तरी त्या बोलण्याचं पुढे काय करायचं हे दुसऱ्याच्याच हातात राहतं. भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. तिथे निर्णयात वाटा असतो.

तुमच्या आईंचा फॉर्म चौथ्या पायरीवर होता आणि तुम्हाला मिळालेली खुर्ची पाचव्या. वाईट वाटून घेऊ नका, पाचवीवरून सहावीवर चढता येतं. पहिल्याच बैठकीत उभं राहून एकच गोष्ट विचारा, ‘यातलं काय ठरून गेलंय आणि काय अजून ठरायचंय?’ गाडीची ऑर्डर गेली असेल तर पायरीवर चर्चा करण्यात अर्थ नाही, तसं त्यांनी सरळ सांगावं. गेली नसेल तर गाडी बघायला जाताना तुमच्या आईंना बरोबर न्यावं.

मी स्वतः चालवलेल्या एका कार्यक्रमात आराखडा छापून आणला आणि मग लोकांना ‘सूचना द्या’ म्हटलं. एक आजोबा म्हणाले, ‘बाळा, हे तर छापलंय.’ वीस वर्षं झाली, ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

---

आभाळमाया

बुधवार अकरा वाचून काळजात चर्र झालं. आमच्याकडेही असंच. सांभाळणाऱ्यांची बैठक आणि ती वेळ सांभाळण्याची! +१०० या धाग्याला.

---

जुनाखांब

मी ७६ वर्षांचा आहे, म्हणून इथे जरा ‘त्या’ बाजूने लिहितो. तुमच्या आईंचं ‘सगळं छान आहे’ मला पूर्ण समजलं. आम्ही तसं बोलतो त्यामागे भीडेपेक्षा हिशेब जास्त असतो. ज्याच्या हाताला धरून जिना उतरायचा त्याच्याविरुद्ध शब्द उच्चारायला माणूस दहादा विचार करतो. तेव्हा विचारणारा माणूस सेवा देणाऱ्यांपैकी नसावा, एवढी एक गोष्ट तरी मागाच. आणि उत्तरामुळे कुणाची सेवा थांबणार नाही हे आधी स्पष्ट सांगितलं जावं. तेही मोठ्या अक्षरात लिहून, कारण नुसतं सांगितलेलं आम्हाला ऐकू येतंच असं नाही.

दुसरी गोष्ट, आमच्याबद्दल आमच्या मुलांना विचारलं जातं. दवाखान्यात तर डॉक्टर माझ्याकडे बघून माझ्या मुलाला विचारतात, ‘यांना झोप लागते का?’ अहो, मी इथेच बसलोय! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी जी तत्त्वं मंजूर केली त्यांत काळजी आणि सन्मान यांच्या जोडीला सहभाग हे स्वतंत्र तत्त्व आहे. ज्या धोरणांचा आपल्या जगण्यावर थेट परिणाम होतो ती आखताना आणि राबवताना ज्येष्ठांचा सक्रिय भाग असावा, असं त्यात म्हटलं आहे. याला तीस वर्षं उलटून गेली, आणि आम्हाला अजून उत्तम, बरी, वाईट यांतलं एक निवडायचंय.

सांजवात, राग मानू नका, पण समितीत तुम्ही का? आई का नाहीत?

---

सांजवात

जुनाखांब काका, राग कसला. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मला तो सुचलाच नव्हता. आईला विचारलं. आधी म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं.’ मग थोड्या वेळाने विचारलं, ‘तिथे पंखे मोठ्याने घरघरतात का?’ म्हणजे मनात सुरू झालंय.

---

उंबरठा

आई आणि तुम्ही, दोघींनी जावं. पण एकमेकींसमोर बोलायची वेळ आणू नका, हे मी अनुभवाने सांगते.

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत एकत्र बैठक झाली होती. मला हवं होतं की केंद्र संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहावं. त्यांना हवं होतं की दुपारी तीनला घरी सोडावं, कारण त्यानंतर त्यांना पाठ टेकायची असते आणि तिथे सगळ्या नुसत्या खुर्च्या. मी सातची मागणी केली तेव्हा ते समोरच बसले होते, काहीच बोलले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, ‘तुला माझा इतका त्रास होतो हे मला माहीत नव्हतं.’ त्या एका वाक्यानंतर आमच्यात पूर्वीसारखं व्हायला फार दिवस गेले.

दोघांचंही खरं होतं. वेगवेगळं विचारलं असतं तर सातपर्यंत केंद्र आणि तिथे चार कॉट, असा मार्ग निघाला असता. पुढे तो निघालाच, पण माझ्या सासऱ्यांच्या हयातीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, त्यात हे भान होतं. २२ देशांतल्या ३३ शहरांत (आपली दिल्ली आणि उदयपूरही त्यांत होती) त्यांनी गटागटाने चर्चा घेतल्या. साठीच्या पुढचे जवळपास दीड हजार लोक, त्यांना सांभाळणारे वेगळे, सेवा पुरवणारे वेगळे. ज्येष्ठांमध्येही साठ ते चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तरच्या पुढचे असे वेगळे गट केले होते. हे मला फार पटलं. बासष्टच्या धडधाकट माणसाला बाकावर बसवलं की तो पंच्याऐंशीच्या माणसाच्या वतीने बोलत सुटतो.

---

कामाचंबोला

थोडं विरोधी लिहितो, समजून घ्या. मी एका छोट्या संस्थेत घरपोच मदतीचं वेळापत्रक बघतो. माणसं कमी, पैसा त्याहून कमी. दहा जणांना विचारलं की दहा वेळा सांगतात. एकाला सकाळी सातला आंघोळ हवी, दुसऱ्यालाही सातलाच. मदतनीस एकच. विचारून अपेक्षा वाढवायच्या आणि मग नाही म्हणायचं, हे जास्त वाईट नाही का? आणि बैठका घेत बसलं तर काम कधी करायचं?

---

निवांत

कामाचंबोला, तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येते. पण सातची अडचण तुम्ही एकट्याने आपल्या टेबलावर का सोडवताय? ते दहा जण आणि त्यांच्या घरचे एकत्र बसवा, वेळापत्रकाचा कोरा कागद मध्ये ठेवा आणि ‘मदतनीस एकच आहे’ हे आधी सांगा. आम्ही असं केलं होतं. एक बाई आपणहून म्हणाल्या, ‘मला आंघोळ रोज नको, दिवसाआड पुरे, पण त्या दिवशी केस धुऊन द्या.’ हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सातचे दोन दिवस मोकळे झाले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या महिला. सत्तरच्या दशकात अमेरिकन शहरांतल्या पोलिसांच्या कामाचा अभ्यास करताना त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. सेवा देणारा एकटा ती घडवत नसतो, घेणाराही ती घडवत असतो. लोकांची साथ नसेल तर पोलिसांची संख्या वाढवूनही सुरक्षितता वाढेलच असं नाही. आपल्याकडे तर हे डोळ्यांना दिसतं. मदतनीस एक तास येतो, उरलेले तेवीस तास कोण बघतं? म्हणजे सेवेचा मोठा भाग घरची माणसंच देत असतात. त्यांना न विचारता आखलेलं वेळापत्रक चोवीसातल्या एकाच तासाचं असतं.

---

कामाचंबोला

केस धुण्याचं मनात राहिलं. आमच्या फॉर्मवर ‘आंघोळ: हो/नाही’ एवढंच आहे. बघतो.

---

पानगळ

माझ्या यजमानांना डिमेन्शिया आहे. चार वर्षं झाली. वरचं सगळं वाचताना मनात येत होतं की आमच्यासारख्यांचं काय? त्यांना समितीत बसवून काय विचारणार? सकाळी झालेलं दुपारी आठवत नाही. मग त्यांच्या वतीने मी बोलायचं आणि मलाही पुष्कळदा माहीत नसतं की त्यांना काय हवंय. मी माझ्या सोयीचं तेच त्यांच्या तोंडी घालते आहे, अशी टोचणी लागून राहते.

---

उत्तररात्र

पानगळताई, ही टोचणी लागते यातच सगळं आलं. मी अशा केंद्रात काम करते, माझ्याकडचं सांगते.

डिमेन्शिया असलेली माणसं स्वतःसाठी बोलू शकतात हे आता नवं राहिलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये २००२ साली त्यांनी स्वतःचा गट काढला, स्कॉटिश डिमेन्शिया वर्किंग ग्रुप. सदस्य सगळे निदान झालेले, आणि धोरणं आखणाऱ्यांसमोर तेच बोलत. अर्थात सगळ्यांना ते जमणार नाही, आजार पुढे गेला की तर नाहीच. पण विचारायची रीत बदलली की बरंच कळतं.

‘तुम्हाला केंद्रात काय आवडतं?’ हा प्रश्न आठवणीवर भार टाकतो. त्याऐवजी त्यांच्याबरोबर केंद्रातून एक फेरी मारा आणि पावलं कुठे अडखळतात ते बघा. आमच्याकडे एक गृहस्थ एका दारापाशी रोज थांबत आणि आत जात नसत. सगळे म्हणत, हट्टी आहेत. मी त्यांच्या शेजारी उभी राहून खाली बघितलं. दाराशी काळी सतरंजी होती. त्यांना तो खड्डा दिसत होता. सतरंजी काढली, ते आत गेले. कुठल्याही फॉर्ममध्ये हे आलं नसतं.

शिवाय विचारायचं ते सकाळी, ताजेतवाने असताना. एका वेळी एकच प्रश्न. दोन चित्रं किंवा दोन वस्तू पुढे ठेवायच्या. आणि थांबायचं. आपण चार सेकंदांत ‘बरं, जाऊ दे’ म्हणतो, त्यांना वीस लागतात.

त्यांच्या वतीने बोलण्याबद्दल म्हणाल, तर बोलताना दोन वाक्यं वेगळी ठेवा. ‘मला असं हवंय’ आणि ‘मला वाटतं त्यांना असं हवं असेल.’ दोन्ही लिहून घ्यायला लावा. एकात एक मिसळू देऊ नका.

---

पानगळ

सतरंजीचं वाचलं आणि उठून आमच्या न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बघितलं. गडद निळं पायपुसणं आहे. काढलं. उद्या कळेल.

---

रिकामीखुर्ची

या धाग्यावर लिहावं की नाही या विचारात दोन दिवस होते. बाबांना जाऊन आठ महिने झाले. नऊ वर्षं मी त्यांचं सगळं केलं. ते गेल्यानंतरच्या आठवड्यात एका संस्थेने मला सांभाळणाऱ्यांच्या गटातून काढलं. निरोप असा होता, ‘आता आपण सेवेशी संबंधित नाही.’ त्यांच्या नियमात तसं असेलही. पण रात्री तीनला ऑक्सिजन संपत आला तर कुणाला फोन करायचा, कुठला नंबर उचलत नाहीत, मदतनीस रजेवर गेली की पहिल्या दिवशी काय कोलमडतं, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. आणि आत्ता कुठे माझ्याकडे वेळ आहे. सांभाळत असताना बोलायला वेळ नव्हता, आता वेळ आहे तर बोलायची जागा नाही.

मेरी वेब्स्टर या इंग्लंडमधल्या पाद्री बाईंनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी आईवडिलांना सांभाळायला काम सोडलं. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून अशा एकट्या स्त्रियांची स्थिती मांडली. त्यांच्यासारख्या कितीतरी जणींनी त्यांना उलट पत्रं लिहिली आणि १९६५ मध्ये संघटना उभी राहिली. तिथल्या सांभाळणाऱ्यांच्या चळवळीचं मूळ ते. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्या एकटीच्याच घरात चाललंय.

सांजवात, तुमच्या समितीत एक जागा आधी सांभाळून झालेल्यांसाठी मागाल का?

---

सांजवात

मागेन. नक्की मागेन. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

जुनाखांब

रिकामीखुर्ची, नऊ वर्षं! नमस्कार घ्या.

निवांत यांना एक विचारायचंय. समितीत घेतलं, पण मत द्यायचा हक्कच नसला तर?

---

निवांत

तसं पुष्कळ ठिकाणी असतं. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आरोग्य आणि सामाजिक सेवांची संयुक्त मंडळं आली. त्यांत सेवा घेणाऱ्यांचा आणि विनामोबदला सांभाळणाऱ्यांचा प्रतिनिधी हवाच असा नियम केला. पण सुरुवातीच्या नियमांत त्यांना मत नव्हतं. बसा, बोला, हात वर करू नका. मत नसण्यापेक्षाही एकटं असणं जास्त मारक, असा माझा अनुभव. बारा अधिकाऱ्यांत एक आजी बसवली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. निदान तिघं-चौघं हवेत, बैठकीआधी एकत्र भेटलेले, आणि कागद आठवडाभर आधी हातात आलेले.

आणखी एक, यायची-जायची सोय आणि त्या वेळात घरी कुणीतरी बसण्याची सोय संस्थेने करावी. हे उपकार म्हणून मागू नका. इतर सगळे तिथे पगारी वेळेत बसलेले असतात.

---

हातचंकाम

मी घरोघरी जाऊन सेवा देते. वाचते रोज, लिहिते पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

केंद्रात येतात त्यांना तरी कुणीतरी विचारतं. जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या दारात फॉर्म पोचत नाही. त्यांना काय हवं ते आम्हाला माहीत असतं, पण आम्हालाही कुणी विचारत नाही. एका आजींकडे मी जाते, त्यांना बोलता येत नाही. सकाळी खिडकी उघडली की डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात. माझ्या कामाच्या यादीत ‘खिडकी’ नाही. मी रोज उघडते. मी सोडून दुसरी आली तर तिला कोण सांगणार?

---

उत्तररात्र

ताई, चुकलं काहीच नाही. हेच यादीत यायला हवं. सांजवात, हा प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवा.

---

सांजवात

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पहिल्या बैठकीला मी एकटीच गेले, शेजारच्या काकू आईजवळ बसल्या. सगळ्यात आधी निवांत यांचा प्रश्न विचारला. थोडी शांतता पसरली. मग कळलं, घरपोच सेवेच्या वेळा ठरून गेल्या आहेत, गाडी मात्र अजून घ्यायची आहे. हातचंकाम यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांची परवानगी घेऊनच. संचालक बाईंनी तो कागद मागून घेतला आणि ठरलेल्या वेळांवर पुन्हा बसायचं कबूल केलं. बैठक शनिवारी दुपारी ठेवायची आणि तेव्हा केंद्र उघडं ठेवायचं, म्हणजे सांभाळणारे आणि त्यांची माणसं दोघंही येतील, हेही मान्य झालं.

दुसऱ्या बैठकीआधी गाडी बघायला पाच जण गेले. त्यांत आई होती, एक वॉकरवाले आजोबा होते आणि चढवणारा तो मुलगाही. आईने उजवा हात वर केला आणि म्हणाली, ‘दांडा इथे हवा.’ त्या मुलाने खिशातून टेप काढून दांड्याची आणि पायरीची जमिनीपासून उंची मोजली आणि लिहून घेतली. मग तोच म्हणाला, ‘आजी, मला वाटायचं तुम्हाला चढायला आवडत नाही म्हणून तुम्ही हळू चढता.’ दांडा दोन्ही बाजूंना बसणार आहे आणि खाली एक घडीची पायरी.

सगळं मिळालं नाही. रविवारची सेवा नाकारली, माणसं नाहीत म्हणून. पण कारण लिहून दिलंय आणि तीन महिन्यांनी पुन्हा विषय घेणार आहेत. आधी सांभाळून झालेल्यांसाठी एक जागा मिळाली. रिकामीखुर्ची, तुम्ही तुमच्याकडच्या संस्थेत हे दाखवून मागू शकता.

काल इतिवृत्त आलं. आईला वाचून दाखवू लागले तर तिने चष्मा मागितला आणि स्वतःच वाचलं, बोट ठेवून, ओळ न् ओळ. दुसऱ्या पानावर थांबली. ‘पायरी बारा इंच लिहिलीय. त्याने मोजली तेव्हा चौदा म्हणाला होता.’ त्या मुलाला फोन केला. चौदाच होती. उद्या दुरुस्ती कळवते आहे, आईच्या सहीने.